चक्कीबाईंचं प्रात्यक्षिक

जिथे चार शिंतोडे पडले की लोक त्यालाच पावसाळा म्हणतात, अशा रखरखीत मुलखात चक्कीबाईंनी उमेदीची वर्षं माती उकरण्यात घालवून एक पुरातन पाणचक्की बाहेर काढली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जुनी माणसं शहाणी. त्यांची चक्की पाणी पीत नसे. दळण झालं की तेच पाणी पाटानं खालच्या वस्तीला पोचायचं, थेंबही वाया न जाता. हे सांगताना बाईंना भान राहत नसे आणि ऐकणाऱ्याला पळायला वाट.

आता तपासणी समिती येणार होती. चक्की फिरली तर उत्खननाला मुदतवाढ, नाही तर टाळं. नवं लाकडी चाक बसलं, पाट लिंपून झाला. नव्हतं ते फक्त पाणी.

"टँकर आणू," उत्खननाचे संचालक म्हणाले. "कुठल्या तरी गल्लीचा वळवू. एक दिवस पाणी नाही आलं तर कोणी मरत नाही."

एरवी खापराच्या तुकड्याचीही उलटतपासणी घेणाऱ्या बाईंनी कुठली गल्ली, एवढं मात्र विचारलं नाही.

समिती आली, मांडवाच्या सावलीत बसली. टँकर मोकळा झाला. चाक कुरकुरलं, अडखळलं आणि गरगर फिरू लागलं. बाईंना रडू आवरेना. समितीच्या अध्यक्षांनी चिमूटभर पीठ हातात घेऊन फोटो काढून घेतला. पाणी पाटानं खाली गेलं, पण खालच्या टोकाला संचालकांनी पाहुण्यांच्या गाड्यांसाठी मैदान करून घेतलं होतं. तिथल्या वाळूनं ते सगळं गिळलं.

"काय ते जुन्या लोकांचं नियोजन," ओल्या वाळूतून पँट वर धरून गाडीकडे जाताना अध्यक्ष म्हणाले. मुदतवाढ जागच्या जागी मिळाली.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "अगं, आपल्या गल्लीत आज टँकर आलाच नाही. सगळ्या बादल्या घेऊन बसलोय. तो ड्रायव्हर फोनही उचलत नाही."

बाईंचे कान लाजेनं तापले. "येईल, आई," त्या कशाबशा म्हणाल्या.

"कधी? हजार वर्षांपूर्वीचं पाणी कुठून निघून कुठं गेलं ते जगाला सांगत फिरतेस. आजचं कुठं गेलं तेवढं सांग."

बाई काही बोलणार, तोच संचालक हसतमुखानं शेजारी येऊन उभे राहिले.

"उद्या अध्यक्षांच्या घरची मंडळी येताहेत चक्की बघायला. टँकर त्याच गल्लीचा घेऊ. तिथून कोणाची तक्रार नाही."

"बरं, सर," बाई म्हणाल्या. फोन अजून कानालाच होता.