आतली कडी

“काच बसवून द्या, बाबा. मागे, डाव्या बाजूला. बाकी काही करू नका.”

मागुमेडे गाडीपासून चार पावलं लांबच उभी होती. गुमेडेंची लेक, म्हणून सासरी सगळे तिला मागुमेडे म्हणत. अंगावर विधवेचे गर्द निळे कपडे होते. शेजारी तिचे चुलत सासरे, झेफानिया म्येनी, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

एल्फास न्यावोने गाडीभोवती एक फेरी मारली. म्सुंदुझे नदीने ही गाडी फरशीपुलावरून उचलून दोनशे पावलं खाली लोळवत नेली होती. टप दबलेला, उजवी बाजू चेपलेली. मागचं दार नदीनेच उपटून नेलं होतं आणि त्या जागी ताडपत्री बांधली होती. म्कुझेतल्या एका मेस्त्रीने इंजिन चालू करून दिलं होतं, तेवढंच.

“टप सरळ करतो की,” न्यावो म्हणाला. “दारही शोधतो कुठे जुन्यात.”

“टप राहू द्या. त्याला टप लागत नाही. रस्ता दिसला पाहिजे.”

न्यावोने म्हाताऱ्याकडे पाहिलं.

“माझ्या पुतण्याचा देह आणला, पण त्याच्या आत्म्याला आणायचं राहिलं,” झेफानिया म्हणाले. “तेव्हा पूर होता. फांदी घेऊन नदीवर जाणार कोण? म्हटलं, पाणी उतरू दे. तसंच राहून गेलं. आता शनिवारी जातो. फरशीवरून हाक मारतो, फांदीवर घेतो, घरी नेतो.”

“घरी ठोकल्याचा आवाज येतो,” मागुमेडे म्हणाली. “भरदुपारी. मी भांडी घासत असते आणि मागच्या पत्र्यावर ठक, ठक, ठक. मग थांबतं. कुणी उघडतंय का ते ऐकत असल्यासारखं. मग पुन्हा.”

“मी म्हटलं, माझ्या मेव्हण्याची गाडी घेऊ,” झेफानिया म्हणाले. “चांगली गाडी आहे, बसायला गाद्या आहेत. पण ही ऐकेल तर शपथ.”

“दुसऱ्याच्या गाडीत बसला असता का तो? लग्नाच्या दिवशी माझ्या भावानं गाडी आणली, तर हा नवरदेव अर्ध्या वाटेत उतरून बॉनेट उघडून बसला! कोटाला ग्रीस लावून आला चर्चमध्ये.”

तिघेही थोडं हसले.

“बाबा, शनिवारी मिळेल ना गाडी?” तिने विचारलं. न्यावोने मान हलवली.

गेली एकतीस वर्षं न्यावो एकच काम करत होता. जंगलात जाणाऱ्या गाड्यांच्या मागच्या खिडक्या. लोकांना वाटतं, खिडकी म्हणजे काय, काच लावली की झालं. पण तसं नसतं. सरकती काच घेतली तर वारा मिळतो, बाहेरचं दिसतं. मात्र तिच्या खोबणीत वाळू बसते, काच अर्ध्यात अडकते आणि धूळ आत येते. पक्की बसवलेली काच धूळ अडवते, पण दुपारी गाडीची भट्टी होते आणि मागचं सामान काढायला पुढून रांगत जावं लागतं. म्हणून शिकारी, पाहुणे फिरवणारे, जनावरांचे डॉक्टर असे सगळे शेवटी तिसरी गोष्ट मागत: काच काढून तिथे पत्र्याची झडप. वर बिजागरी, खाली कुलूप. बाहेर उभं राहून झडप उचलावी आणि हाताला येईल ते घ्यावं. माकडं उघडू शकत नाहीत, चोरांना आतलं दिसत नाही. तोटा एवढाच की आत अंधार होतो आणि तिरक्या रस्त्यावर त्या बाजूने कोण येतंय ते कळत नाही.

आणि धूळ? न्यावोच्या झडपेतून धुळीचा कण आत जात नाही, असं जोझिनीपर्यंत लोक सांगत. तो गिऱ्हाइकांना बादलीत दाखवायचा. पाण्यावर भुसा टाकायचा आणि पेला पाण्यातून ओढायचा. भुसा पेल्याच्या मागे मागे धावत यायचा. “हा पेला म्हणजे तुमची गाडी,” तो म्हणायचा. “पुढे जाते तशी मागे हवेत पोकळी पडते, आणि ती भरायला रस्ताभरची धूळ येते. आता तुम्ही मला सांगा, या पेल्याला मागे भोक ठेवायचं का?”

मागुमेडेच्या नवऱ्याला, खुलेकानी म्येनीलाही, त्याने हेच दाखवलं होतं. तीन वर्षं झाली त्याला. खुलेकानी पाहुण्यांना जंगल दाखवायचा. त्यांच्या पावात धूळ जाते, अशी त्याची तक्रार होती. दोन्ही बाजूंना झडपा बसवून झाल्यावर तो मागच्या भागात वाकून शिरला, चहूकडे हात फिरवून बघितला आणि म्हणाला, “बाबा, आतून उघडायला कडी नाही का?”

“आतून कोण उघडणार? पाव?”

खुलेकानी खूप हसला होता. न्यावोही हसला होता.

“कडी म्हणजे भोक,” न्यावो म्हणाला होता, “आणि भोक म्हणजे धूळ. कडी हवी असेल तर दुसऱ्याकडे जा.”

तो दुसऱ्याकडे गेला नव्हता.

गुरुवारी न्यावोने डावी झडप उतरवायला घेतली. बाहेरून ती पोच्यांनी भरली होती. नदीतले दगड, दुसरं काय. बिजागरीचे स्क्रू गंजले होते. तो एकेकावर तेल सोडून हलक्या हाताने ठोकत राहिला. दोनदा तो मध्येच थांबला. त्याचं ठोकणं थांबल्यावर एक ठोका जास्तीचा ऐकू आल्यासारखं वाटलं. शेडचं छप्पर उन्हाने वाजतं, त्याने स्वतःला सांगितलं.

झडप खाली आली तेव्हा त्याने ती उलटी करून बाकावर ठेवली. आतल्या बाजूला, पत्रा खडखडू नये म्हणून, त्यानेच जाड गादीची पट्टी चिकटवली होती. ती आता चिखलाने कडक झाली होती आणि मधोमध फाटली होती. त्याने ती सोलून काढली.

दगड पत्र्याला बाहेरून लागतो, आणि पत्रा आत दबतो. ही इतकी साधी गोष्ट की पहिल्या दिवशी शिकायला आलेल्यालाही सांगावी लागत नाही. झडपेच्या कडेला होते ते पोचे तसे होते, आत दबलेले. पण मधले पोचे बाहेर गेले होते. लहान, गोल, एकमेकांजवळ. जॅकच्या दांड्याचं टोक त्यात बरोबर बसत होतं. न्यावोने बसवून पाहिलं. ते सगळे खालच्या काठापाशी एका वितीत गोळा झाले होते. आतली कडी असती तर जिथे असती, तिथे.

तो बाकाशेजारी जमिनीवर बसला.

पोलिसांनी सांगितलं होतं की पाण्याने त्याला फरशीवरच गाडीतून ओढून नेलं. देह खाली लव्हाळ्यात सापडला होता, म्हणून सगळ्यांनी तसंच धरलं. आता न्यावोला गाडी दिसत होती. उजव्या कुशीवर, नाक खाली, पुढची दारं दगडांत रुतलेली. पाणी चढतंय. माणूस हवेच्या मागे मागे सरकत मागच्या भागात येतो. मागच्या दाराची काच लहान, आणि तिच्यावर बाहेरून सुटं चाक. उजवी झडप खाली, गाळात. डावी झडप वर, जिथे शेवटची हवा होती. काच असती तर एका ठोक्यात फुटली असती. नदीने मागचं दार तोडून त्याला बाहेर काढलं ते नंतर, त्याचं ठोकणं थांबल्यावर.

दुपारी मान्तुली, न्यावोची बायको, हाक मारून मारून शेवटी स्वतःच शेडमध्ये आली.

“मक्याच्या पुथूचा दगड झाला आणि ताकातलं पाणी वेगळं झालं. ती गाडी भरवते का काय तुला?”

त्याने झडप दाखवली. आधी तिला समजलं नाही. त्याने तिचं बोट धरून एका पोच्यावर आतून ठेवलं, मग बाहेरून. तिने बोट झटकन मागे घेतलं.

“त्याने मला विचारलं होतं,” न्यावो म्हणाला. “कडीचं.”

मान्तुली उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसली. मग म्हणाली, “ते शनिवारी फरशीवर जाणार ना हाक मारायला?”

“हो.”

“तो तिथे नाही.”

“नाही.”

“मग येणार कसा? जिथे श्वास गेला तिथेच हाक मारावी लागते. तिथे नाही मारली तर रिकामी फांदी घरी नेतील, आणि त्या पोरीच्या पत्र्यावर तो जन्मभर ठोकत बसेल.”

“मला माहीत आहे, मान्तुली.”

“मग आजच जा. म्हाताऱ्याला सांग.”

“उद्या जातो.”

“उद्या उद्या करू नकोस. एकदा का म्हाताऱ्याने फांदी तोडली की तो तुझ्याशी बोलायचा नाही. फांदी धरणारा जिवंत माणसाशी बोलत नाही, तुला काय नवीन सांगायचं?”

शुक्रवारी न्यावो गेला नाही. त्याने चौकट केली, तिच्यात काच बसवली, भोवती रबर घातलं. मग खालच्या काठाला भोक पाडलं आणि आतून कडी लावली. हाताला सहज लागेल अशी, अंधारातही सापडेल अशी. बोट घालून ती पन्नास वेळा उघडली आणि मिटली. त्या भोकातून धूळ येणार होती. येऊ दे, असं तो मोठ्याने म्हणाला. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

शनिवारी सकाळी ते दोघे चालत आले. आधी म्हाताऱ्याशी बोलू, बाजूला घेऊन, पुरुष माणसासारखं, असं न्यावोने ठरवलं होतं. पण झेफानियांच्या हातात काठी नव्हती. रानबोरीची फांदी होती, नुकती तोडलेली. त्या झाडाचा एक काटा सरळ असतो आणि दुसरा मागे वळलेला. न्यावोने नमस्कार केला. म्हाताऱ्याने नजर वळवली.

“किल्ली द्या, बाबा,” मागुमेडे म्हणाली. “उन्हाच्या आत फरशीवर पोचायचंय.” तिने काचेवरून तळहात फिरवला. “छान दिसतंय. दिसेल त्याला सगळं.”

न्यावोने किल्ली तिच्या हातात ठेवली. ती दार उघडून आत बसली. झेफानिया पलीकडून चढायला लागले.

“थांबा,” न्यावो म्हणाला.

मागुमेडेने मान वळवली. झेफानियांनी वळवली नाही, पण उचललेला पाय खाली ठेवला. न्यावोला म्हाताऱ्याशी बोलता येत नव्हतं. मागुमेडेला तोंडावर सांगणं त्याला जमणार नव्हतं. मग तो फांदीसमोर जाऊन उभा राहिला.

“म्येनी,” तो म्हणाला. “खुलेकानी. मी न्यावो. तू मला विचारलं होतंस, आतून कडी नको का. मी तुझी थट्टा केली. कडी म्हणजे धूळ, असं म्हटलं. तुझा जीव फरशीवर गेला नाही, मला माहीत आहे. तू गाडीच्या मागच्या भागात होतास. डाव्या झडपेपाशी. जॅकच्या दांड्याने ठोकत होतास. मी पत्रा आतून पाहिला. तू जिथे ठोकलंस तिथे मी कडी लावायला हवी होती. हे तुला फरशीवर हाक मारायला निघालेत. म्हणून सांगतोय.”

शेडच्या सावलीत मान्तुली दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभी होती.

मागुमेडे गाडीतून उतरली. बाकाकडे गेली. झडप अजून तिथेच होती. तिने ती उचलली नाही. नुसती बघत राहिली.

“किती वेळ?” तिने विचारलं.

“सांगता यायचं नाही, मुली.”

“पोलीस म्हणाले, एका क्षणात गेला.”

न्यावोने नकारार्थी मान हलवली.

“किती वेळ, बाबा?”

“थोडा नाही,” न्यावो म्हणाला.

ती तिथेच खाली बसली. रडली नाही. हातांनी जमीन चाचपत राहिली, काहीतरी सांडलं असावं तशी. मान्तुली तिच्याजवळ येऊन बसली. कुणी कुणाला हात लावला नाही.

झेफानिया हलले ते इतक्या सावकाश की आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. ते गाडीच्या मागे गेले, ताडपत्रीची दोरी सोडली, गुडघे टेकून आत शिरले. वयाने त्यांना नीट वाकता येत नव्हतं. डाव्या बाजूला सरकत जाऊन त्यांनी फांदी पत्र्याला टेकवली आणि हाक मारली. म्येनींच्या पूर्वजांची नावं आधी, एकामागून एक, मग त्याचं.

“खुलेकानी. इथे होतास होय रे? आम्ही तुला पुलावर शोधायला निघालो होतो. आता सापडलास. चल, दमलास. बायको आली आहे न्यायला. या फांदीवर बस. अस्सं.”

ते त्याच्याशी बोलत बोलत पुढच्या जागेवर येऊन बसले. मागुमेडे उठली. कपड्यांची माती झटकली आणि न्यावोकडे न बघता गाडीत चढली. आता नदीवर जायचं काम उरलं नव्हतं. इथून सरळ घर.

न्यावो पुढे जाऊन फाटक उघडून उभा राहिला. त्याला वाटत होतं की ती काहीतरी बोलेल. शिवी देईल. थुंकली तरी चालेल. गाडी माणसाच्या चालीने त्याच्याजवळून गेली. तिचे डोळे रस्त्यावर होते. मांडीवर फांदी धरून बसलेल्या म्हाताऱ्याचा आवाज उघड्या खिडकीतून स्पष्ट येत होता. आत्म्याची वाट चुकू नये म्हणून वाटेतलं एकही वळण, एकही ओढा सांगायचा ते सोडणार नव्हते.

“हे फाटक आलं, खुलेकानी. पुढे खड्डा आहे, नीट बस. डावीकडे न्यावो उभा आहे. त्याने टोपी काढली आहे. तो इथेच राहतो. आपण पुढे जाऊ.”