बेसच्या पेटीचं गाऱ्हाणं

आवाज गेला की महिपत माझ्या डोक्यावर चापट मारायचा. चारचौघांत, हळदीच्या मांडवात, नवऱ्या मुलाच्या आजीसमोर. आणि सांगायला लाज वाटते मित्रांनो, चापट बसली की माझा आवाज परतही यायचा. त्यामुळे त्याला वाटायचं, हेच औषध.

मी एक जुनी बेसची पेटी आहे. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती एकटी अंगणात वाजवली तर पायरीवरचं मांजरसुद्धा मान वळवणार नाही. तिची कुजबुज मी ऐकते, पोटात मोठी करते आणि बाहेर सोडते. माझ्या वरच्या मजल्यावर मशीन आहे आणि खाली परातीएवढा स्पीकर. लग्नाहळदीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत लोक बघतात बेंजोवाल्याकडे, टाळ्या मिळतात ऑक्टोपॅडवर काठ्या मारणाऱ्याला, आणि पाय हलतात ते माझ्यामुळे. हे मी गर्वाने सांगते. मला गर्व शोभतो.

माझा जन्म मुंबईतल्या एका गाळ्यात झाला. सुताराने प्लायवूड कापलं, कारागिराने तारा जोडल्या, वरून काळं रेक्झिन चढवलं आणि कोपऱ्यांना लोखंडी टोप्या घातल्या. अंगावर चार इंग्रजी अक्षरंही छापली. मला ती वाचता येत नाहीत. महिपतलाही येत नाहीत, पण तो तसं म्हणत नाही.

ट्रॅव्हल्सच्या डिकीत आंब्याच्या रिकाम्या खोक्यांना टेकून मी पूर्णगडला आले. महिपतची होडी होती आणि बेंजो पार्टी होती. त्याचा मुलगा केतन बेस वाजवायचा. ते दिवस बरे होते. राजापुरापासून गणपतीपुळ्यापर्यंत बोलावणी यायची. "पेटी आली आणि पार्टीला वजन आलं," असं महिपत ज्याला त्याला सांगायचा. पण पावसाळ्यात मला पडवीत जाळ्यांच्या ढिगाशेजारी ठेवायचा. अंगावर साधं प्लॅस्टिक नाही. खारा वारा आत शिरायचा आणि मी गप्प बसायचे.

खंडेनवमीला मात्र थाट असायचा. हळद, कुंकू, झेंडूचा हार. महिपत दर्यावर्दी माणूस. होडीची पूजा करताना तो टोकावर नारळ फोडतो आणि पाणी लाकडावरून ओघळू देतो. माझीही पूजा तो तशीच करायचा. नारळ फोडून दोन्ही वाट्यांतलं पाणी माझ्या माथ्यावर ओतायचा. ते पाणी कुंकवासकट मागच्या भोकांत उतरायचं. होडीला ते चालतं, कारण होडी पाण्यातच राहते. माझ्या पोटात वीज आहे, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

मग केतनला मुंबईत नोकरी लागली आणि गिटार खुंटीला लटकली. त्याची बायको निशिगंधा राजापूरची. माहेरी वडिलांच्या ऑर्केस्ट्रात ती बेस वाजवायची आणि बिघडलेल्या पेट्याही उघडायची. दुसरा कोणी मिळेना, म्हणून महिपतने नाक मुरडत तिला गिटार दिली. तिचा हात तारेवर पडला तेव्हा मला कळलं, इतकी वर्षं मी नुसती ओरडत होते. घरी तिचं कांडप, मासळी, पाणी सगळं चालूच होतं. हळदीची संध्याकाळ तेवढी तिची. त्या दिवशी ती केसांत अबोली माळायची आणि मला कोरड्या फडक्याने पुसायची.

यंदा माझा आवाज मधूनमधून बसू लागला. चापट बसली की यायचा, परत जायचा. शेजारच्या वाडीत हळद होती. नाच रंगात आला आणि मी बसले. महिपतने एक मारली, दुसरी मारली. काही नाही. तो वैतागला, आणि माईक चालू आहे हे विसरून बोलला, "बायमाणसाच्या हातात मशीन दिली की हेच व्हायचं."

सगळ्या मांडवाने ऐकलं. कोणीतरी हसलं. निशिगंधाने गिटार उतरवली, वायर नीट गुंडाळली आणि बायकांत जाऊन बसली. घरी गेल्यावर महिपत म्हणाला, "उद्यापासून नको. माझ्या पार्टीचं हसं करून घ्यायचं नाय मला."

त्यानंतर त्याने माझी दुरुस्ती मांडली. फ्यूज बदलला. फ्यूज चांगलाच होता. स्पीकर उघडून त्यात फुंकर मारली. माझ्या कानात फुंकर मारून ताप उतरतो का? शेवटी म्हणाला, "हिचा जीव गेला," आणि होडीवर निघून गेला.

दुपारी निशिगंधा माझ्यापाशी आली. सासू हौसा मागच्या दारी बांगडे साफ करत होती.

"काय करतंस गो?"

"बघते, आत्या. माझ्या हाताने बिघडली असेल तर मला कळायला हवं ना."

तिने आधी वायर बदलली. आवाज बारीकच. गिटार काढून मोबाईल जोडला. तरी बारीक. म्हणजे दोष गिटारचा नाही आणि वायरचाही नाही. मग टॉर्चचा सेल घेऊन स्पीकरच्या तारांना क्षणभर लावला. स्पीकरचा पडदा धप्पकन उसळला.

"स्पीकर जिवंत आहे," ती म्हणाली. "घसा धरलाय हिचा."

माझ्या पाठीवर दोन भोकं आहेत. गिटारचा आवाज एकातून बाहेर काढून दुसऱ्यातून परत आत आणायची ती सोय. तिथे काही जोडलं नाही तर आत पत्र्याची एक छोटी जीभ टेकलेली असते आणि आवाज तिच्यावरून पुढे जातो. ती भोकं कोणी कधी वापरली नव्हती. निशिगंधाने एक आखूड वायर घेतली, एक टोक एका भोकात, दुसरं दुसऱ्यात घातलं, गिटार परत जोडली आणि तार छेडली.

आवाज जिभेला वळसा घालून गेला आणि मी बोलले. पडवीतले डबे थरथरले. हौसा बांगडा हातात घेऊनच आत आली.

"आली काय गो वाचा तिला?"

"आली. त्या जिभेवर काहीतरी चढलंय. लांब राहा आत्या, प्लग काढला तरी आत वीज थोडा वेळ राहते."

थांबून तिने मला उघडलं. त्या जिभेवर पितळेच्या भांड्यावर येतो तसा हिरवा कळंक चढला होता आणि वर गुळासारखं चिकट काहीतरी. तिने कापसाला स्पिरिट लावून पुसलं. कापूस लाल झाला. हौसाने वाकून बघितलं आणि म्हणाली, "कुंकू हाय हे." मग तीच पुढे म्हणाली, "आणि नारळाचं पाणी. दरवर्षी सांगत होते त्याला, कोरडी पूजा कर."

महिपत आला तेव्हा मी परत बंद होऊन, पुसून बसले होते. निशिगंधाने तो कापूस त्याच्यासमोर धरला.

"अप्पा, हे आत होतं. वाजवून बघा."

त्याने तार ओढली, ऐकलं, कापसाकडे बघत राहिला. त्याला समजलं. मग त्याने दोन्ही हात जोडले आणि माझ्यापुढे वाकला. "चुकलो आई. माफ कर."

निशिगंधा शेजारीच उभी होती. तिच्याकडे त्याने मान वळवली नाही.

संध्याकाळी पार्टीची पोरं तालमीला जमली. बेंजोवाल्या गुरुप्रसादने विचारलं, "काय झाला होता हिला?"

"लायटीचा झटका बसला होता," महिपत म्हणाला. "घे गो गिटार. वाजव."

निशिगंधा जागची हलली नाही. "अप्पा, मांडवात माईकवर माझं नाव घेतलंत. आता या चौघांत तरी सांगा, पेटी कशाने बिघडली. मग घेते."

महिपत माईकची वायर सोडवत राहिला, जिला गाठच नव्हती. ती भाताला आधण ठेवायला आत गेली.

आता राजापूरहून एक जण जास्त पैसे घेऊन वाजवायला येतो. तारा बडवतो. मी वाजते, कारण वाजणं हे माझं काम. निशिगंधा हळदीला येते, बायकांत बसते, केसांत अबोली नसते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी वस्तू असेल तर तिला फडक्याने पुसा, पावसाळ्यात झाका, हार नाही घातलात तरी चालेल. बिघडली तर आधी शोधा, मग नाव घ्या. आणि नाव चुकीचं घेतलंत तर ज्याचं घेतलं त्याच्याकडे जा.

आज महिपत उदबत्ती लावून परत माझ्यापुढे उभा आहे. त्याच्या तोंडावर सांगते.

"महिपत, तुझी चापट सोसली. पाणी भक्तीने ओतलंस म्हणून तेही सोसलं. पण माफी मागायला तू सोपं दार बघितलंस. मी लाकूड आणि तारा, मला माफी घेऊन काय करायची? जिला ती हवी, ती आत तुझं ताट वाढते आहे. तिच्यापुढे तोंड उघड. ते होईपर्यंत मला आई म्हणू नकोस."