तीस पानांची सासू

सासूबाई हजहून परत यायला दोन दिवस उरले आणि रागिबच्या घराची भिंत अजून कोरी होती. इजिप्तमधल्या मिन्या शहराच्या त्या बोळात हजहून आलेल्या माणसाची भिंत कोरी राहिली, तर तो गेलाच नव्हता असं समजतात. चित्रात काबा हवा, विमान हवं, आणि काढणारा हात बय्यूमी रंगाऱ्याचा हवा. बय्यूमी चाळीस वर्षं एकच विमान काढत आला होता. त्याला पंख तीन असत, पण पडल्याचं कधी ऐकिवात नव्हतं.

रागिबला मात्र या वेळी साधंसुधं चालणार नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी सासूबाईंनी, म्हणजे आता हज करून हज्जा झालेल्या इन्साफनी, जावयाला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. "सुहैर, त्याला सांग", "सुहैर, त्याला वाढ", एवढ्यावर भागत होतं. या भिंतीपुढे त्यांच्या तोंडून नाव निघालंच पाहिजे, असा त्याने पण केला होता.

"बय्यूमीचाचांना बोलाव ना," त्याची बायको सुहैर म्हणाली.

"चाचा बायकांना मिशी काढतात. मागच्या वर्षी पलीकडच्या हज्जाला काढली की नाही?"

"ती तिची स्वतःचीच होती."

रागिबने एक फोटो तीस पानांत कापून देणारं सॉफ्टवेअर फुकटात उतरवलं आणि घरचा प्रिंटर कामाला जुंपला. मधोमध सासूबाईंचा चेहरा, उजवीकडे काबा, डावीकडे विमान. एका ओळीत सहा पानं, अशा पाच ओळी. अकराव्या पानाला काळी शाई संपली आणि काबा तिथून खाली वांग्याच्या रंगाचा निघाला.

"ऊन पडलंय त्यावर," रागिब म्हणाला.

प्रत्येक पानाच्या चारही कडांना पांढरी पट्टी सुटली होती. सुहैरने कात्री आणली.

"राहू दे. खिडकीतून बघितल्यासारखं वाटतं."

हज्जा यायच्या दिवशी सकाळी पिठाची खळ शिजली, शिडी लागली. पानांवर क्रमांक होतेच. रागिबने पान एक घेतलं आणि जगातला कुठलाही शहाणा माणूस जिथून सुरुवात करतो तिथे, म्हणजे अरबी लिहितात तसं उजव्या टोकाला, चिकटवलं. त्याच्या डावीकडे दोन, मग तीन. सॉफ्टवेअर डावीकडून लिहिणाऱ्यांनी बनवलं होतं, ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती.

"अरे, हे जुळत नाहीये," खालून सुहैर म्हणाली.

"मध्ये पट्टी आहे ना! जवळून नाही जुळत. लांबून बघायचं असतं."

लांब जायला जागाच नव्हती. बोळात दोन पावलं मागे सरकलं की पाठ समोरच्यांच्या दाराला लागे. शेवटचं पान लागलं आणि कोपऱ्यावर मायक्रोबसचा हॉर्न वाजला.

हज्जा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उतरल्या. समोरच्यांनी दार सताड उघडून त्यांना थेट आपल्या बैठकीत नेलं, कारण अख्खी भिंत तिथूनच दिसत होती. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा किलकारा केला आणि तो मध्येच बंद पडला.

भिंतीवर हज्जांचे दोन्ही कान मधोमध एकमेकांना भेटले होते. अर्धं नाक या टोकाला, अर्धं त्या टोकाला. विमान आपल्याच शेपटीच्या मागे लागलं होतं. वांग्याचे दोन तुकडे डावीकडे पडले होते.

बय्यूमी मुद्दाम बघायला आला होता. "माझे पंख तरी एका जागी असतात," तो म्हणाला.

"विमानात मला अगदी असंच झालं होतं," हज्जा म्हणाल्या. मग खुर्चीतून उठून दारात आल्या आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "रागिब!"

सुहैरने डोक्याला हात लावला. रागिब खुलला.

"काय म्हणालात, हज्जा?"

"रागिब! बहिरा आहेस का? शिडी लाव आणि मला तिथून खाली उतरव!"

रागिब शिडीवर चढला. पहिलं पान त्याने नखाने कोपरा सोडवून, अगदी हळूहळू काढलं आणि थांबला.

"रागिब, पुढचं!"

तीस पानं होती. त्याला कसलीच घाई नव्हती.