पाठीवरचा भोपळा

मी एक जुना भोपळा आहे. हसलात ना? हसा, मला सवय आहे. पण मित्रांनो, मी भाजीचा भोपळा नव्हे. मी कडू जातीचा, वाळून कडक झालेला, पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीवर बांधायचा भोपळा. हलवलं की माझ्या पोटातल्या बिया खुळखुळतात.

निपाणीजवळच्या एका मळ्यात, कुंपणावरच्या वेलीला मी लागलो. मळ्याचे मालक यल्लाप्पा, म्हणजे आमचे आप्पा. त्यांनी मला तीन महिने माळ्यावर वाळवलं आणि एका उन्हाळ्यात आपल्या दहा वर्षांच्या लेकीच्या, कावेरीच्या, पाठीवर बांधलं. विहिरीतली पहिली उडी आम्ही दोघांनी बरोबरच मारली. ती हातपाय मारायची, मी खुळखुळायचो. विहिरीच्या तोंडातून गोल आभाळ दिसायचं, तेच पाण्यातही उतरायचं, आणि आपण आभाळातच पोहतोय असं मला वाटायचं. अजूनही डोळा लागला की मी तिथंच असतो.

आमच्याकडे एक रीत आहे. मूल तरंगायला लागलं की त्याला न सांगता मागून गाठ सोडायची. आप्पांनीही तेच केलं. मी मागे राहिलो, कावेरी पुढे गेली. चांगली विहिरीच्या मध्यापर्यंत गेली! मग पाठीवरची खुळखुळ थांबल्याचं तिच्या लक्षात आलं. तिनं वळून मला लांब तरंगताना पाहिलं आणि ती दगडासारखी खाली गेली. आप्पांनी उडी मारून तिला बाहेर काढलं. त्यानंतर ती विहिरीत उतरली नाही. त्या दिवसाबद्दल आप्पा कधी बोलले नाहीत, तीही नाही. माळ्यावर पडल्या पडल्या मला मात्र कित्येक वर्षं वाटत राहिलं, की चूक माझीच.

पुढे कावेरी बंगळुरूला बँकेत लागली. थकल्यावर आप्पा बसवनगुडीला तिच्या घरी राहायला आले आणि सामानातून मलाही घेऊन आले. बाल्कनीत तुळशीच्या कुंडीमागे माझी रवानगी झाली. कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटले.

चाळिशी उलटल्यावर, गुडघ्यांसाठी म्हणून, कावेरी स्विमिंग पुलात जाऊ लागली. तिथं तळाच्या निळ्या फरश्या दिसतात, त्यामुळे तिचं छान चाललं होतं. त्या भरात तिनं देवनहळ्ळीकडच्या एका तळ्यातल्या शर्यतीत नाव घातलं. अंतर एक किलोमीटर. पण तळ्यातल्या पहिल्याच सरावाहून ती रडवेली होऊन परतली.

"खाली काहीच दिसत नाही, आप्पा. मधेच हात आपोआप पाठीवर जातो आणि दम तुटतो. मी नाव काढून घेते."

आप्पा उठले. बाल्कनीत येऊन त्यांनी मला कुंडीमागून काढलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसलं.

पुढच्या रविवारी पहाटे आम्ही तिघं कॅबमधून तळ्यावर गेलो. तिला शिकवणारा नागराज मूळचा चिकोडीचा. मला बघून तो हसायलाच लागला.

"काका, भोपळा पाठीला बांधून शर्यतीत सोडत न्हाईत ओ!"

"पाठीला कोण बांधतंय? तिच्या फुडं बांध," आप्पा म्हणाले.

नागराजनं लहान होडीतून मला तळ्याच्या मध्यावर नेलं, दोरीला दगड बांधून तिथं सोडलं आणि होडी घेऊन तो कावेरीच्या बाजूला गेला. मित्रांनो, ती सकाळ काय सांगू! पाण्यावर धुकं होतं, काठ दिसेनासा झाला होता. विहिरीतलं आभाळ इथं चहूकडे सांडलं होतं. त्या धुक्यातून छप छप आवाज येऊ लागला. मधेच तो थांबला. तिचा हात पाठीवर गेला असणार. मग तिनं डोकं वर काढून समोर पाहिलं. एक लाट आली, मी जीव तोडून खुळखुळलो. ती आली आणि मला मिठी मारून धापा टाकत राहिली.

"तू हितं हाईस व्हय," एवढंच म्हणाली.

त्यानंतर नागराज दर रविवारी मला आणखी लांब बांधू लागला.

शर्यतीच्या दिवशी मला पाण्यात परवानगी नव्हती. हवा भरलेला एक नारिंगी फुगा प्रत्येकाच्या कमरेला बांधायचा, असा नियम होता. दिसायला बरा होता, पण पोटात एक बी नाही! तो आप्पांनी बांधला.

"कावेरी, तवा तुला न सांगता गाठ सोडली. माझं चुकलं, पोरी."

तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"घट्ट बांधा, आप्पा. आणि ह्या वेळी सोडलासा तर सांगून सोडा."

दोघंही हसले, आणि दोघांनीही डोळे पुसले.

मी आप्पांच्या मांडीवर होतो. तो नारिंगी ठिपका लांब गेला, वळला आणि तिथंच थांबला. आप्पा मला छातीशी धरून उभे राहिले. माझ्या बिया त्यांच्या हातांनी खुळखुळत होत्या. मग दूरवर एक डोकं वर आलं, त्यानं समोर पाहिलं आणि हात पुन्हा पाणी कापू लागले. तिचा हात पाठीवर गेला नाही.

कावेरी शेवटून तिसरी आली. आप्पांनी मला खाली ठेवलं आणि चपलांसकट पाण्यात शिरून तिला जवळ घेतलं.

मित्रांनो, माझी चूक नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. आता माझं एवढंच मागणं आहे. पाण्यातून काढलं की मला सावलीत वाळवा. तडा गेला तर मेण लावा. आणि कुणाच्या पाठीवरची गाठ सोडायची वेळ आली, तर जरूर सोडा, पण त्याला सांगून सोडा.