कोरी पाठ

मी एक पांढरा शर्ट बोलतोय. पांढरा म्हणजे मागून, तेही आत्ताआत्तापर्यंत. पुढून मी इतका लिहिलेला आहे, की बसथांब्याची भिंतसुद्धा माझ्यापेक्षा स्वच्छ दिसेल.

लोक मला ‘शाळेची गोड आठवण’ म्हणतात. म्हणू देत. ज्या कापडाला आज डोळे पुसतात, त्याच कापडाला तेव्हा काय काय पुसायचे, ते मला माहीत आहे. बाह्या माझ्याच होत्या.

खरं तर माझा जन्म शाळेसाठी झालाच नव्हता. मी काकांचा. काका बँकेत होते आणि मला घालून ते खुर्चीत असे बसायचे, की बँक त्यांच्याच घरची वाटावी. एकदा त्यांचं पेन गळलं आणि माझ्या खिशाच्या कोपऱ्यात निळा डाग पडला. पुढे कॉलरही झिजली. मग काकूंनी मला जुन्या कपड्यांच्या बोचक्यात टाकलं.

त्या बोचक्यातून मला आईनं उचललं. आई म्हणजे माझ्या मालकिणीची आई.

“वहिनी, हा नेऊ का? कापड बघा ना, अजून नव्यासारखं आहे.”

“ने की. मी फरशी पुसायला काढला होता,” काकू म्हणाल्या. माझ्या तोंडावर!

आईनं मला शिवणयंत्रावर घेतलं. बाह्या कापून आखूड केल्या, दोन्ही बाजू आत घेतल्या, कॉलर उसवून उलटी करून बसवली, म्हणजे झिजलेली बाजू खाली गेली. डागावर शाळेचा बिल्ला येईल असा हिशेब केला. सगळं जमलं. एकच गोष्ट तिच्या हातात नव्हती. पुरुषांच्या शर्टाची बटणं उजवीकडे असतात आणि मुलींच्या शर्टाची डावीकडे. माझी उजवीकडेच राहिली.

“कुणाचं लक्ष जातंय तिकडे?” आई म्हणाली.

आईला वर्ग ठाऊक नव्हता. त्या वर्गातल्या मुलींना फळ्यावरचं गणित दिसायचं नाही, पण दुसऱ्या मुलीच्या मोज्याचं भोक चार बाकांवरून दिसायचं.

माझी मालकीण आठवीत होती. बोलायची कमी, बघायची जास्त. बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा तिला उत्तर येत असायचं. मला कळायचं, कारण माझ्या खिशामागे धडधड सुरू व्हायची. पण हात काही वर जायचा नाही. उत्तर तिच्या शेजारणीला कुजबुजून मिळायचं आणि शेजारीण उभी राहून ते अख्ख्या वर्गाला ऐकवायची. या शेजारणीला सगळे ‘टकळी’ म्हणायचे. झोपेत तेवढी गप्प असावी, तेही मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण दोघींचं जमायचं. एकीकडे शब्द होते आणि दुसरीकडे तोंड.

नववीत एका दुपारी टकळीचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“अगं, तुझी बटणं उलटी का?”

“बँकेतल्या काकांचा शर्ट आहे. आईनं लहान केलाय.” मालकीण इतक्या हळू बोलली, की मीही जेमतेम ऐकलं. “कुणाला सांगू नकोस हं.”

“वेडी आहेस का? मी कशाला सांगू?”

मधली सुट्टी संपायच्या आत वर्गाला कळलं होतं. टकळीनं म्हणे एकीलाच सांगितलं होतं, तेही शपथ घालून.

त्या दिवसापासून माझ्या मालकिणीचं नाव ‘साहेब’ पडलं. “या साहेब, बसा साहेब!” “साहेब, कर्ज मिळेल का?” सगळ्यात पुढे वर्गाचा मॉनिटर. आवाज फुटायला लागलेला तो मुलगा तिला बघितलं की उठून सलाम ठोकायचा आणि सलाम ठोकताना त्याचा आवाज मांजरासारखा व्हायचा. पण हसायचे मात्र सगळे तिला. गणिताच्या सरांनाही ते नाव आवडलं. “साहेबांना सवड असेल तर फळ्यापाशी येतील का?” मोठी माणसं विनोद उसना घेतात तेव्हा फारच केविलवाणी दिसतात.

मालकीण घरी काही बोलली नाही. आईनं विचारलं, “शर्ट बरा बसतो ना गं?” ती म्हणाली, “छान बसतो.” टकळीशी मात्र ती बोलणं बंद करून बसली. एकाच बाकावर, मध्ये दप्तर ठेवून, दीड वर्ष. टकळीनं सुरुवातीला मध्ये ठेवलेलं दप्तर ढकलून पाहिलं, खोडरबर मागून पाहिलं. मालकीण खोडरबर द्यायची, शब्द द्यायची नाही. मग टकळीनंही मागणं सोडलं.

असा तो सोनेरी काळ.

मग दहावीचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी एकमेकांच्या शर्टांवर लिहायची पद्धत होती. वर्षभर शाईचा एक थेंब उडाला तर घर डोक्यावर घेणारी मुलं पेनं घेऊन एकमेकांच्या अंगावर धावून गेली. ‘मैत्री अमर राहो’ असं माझ्या डाव्या बाहीवर लिहिलंय. लिहिणारी मुलगी पुढच्या महिन्यात रस्त्यात भेटली तेव्हा तिनं मालकिणीला ओळखलं नाही. पोटावर आहे, ‘तुझा स्वभाव कधी बदलू नकोस’. हिचा स्वभाव कसा आहे हे त्या मुलानं तोवर कधी विचारलं नव्हतं. आणि खिशावर, डागाच्या अगदी शेजारी, मॉनिटर: ‘साहेब, आम्हाला विसरू नका.’ विसरायची सोय कुणी ठेवली होती?

मालकीण सगळ्यांना लिहू देत होती. पण पुढून. पाठ तिनं भिंतीला लावली होती. कुणी म्हणालं, “वळ ना, मागे लिहितो,” की ती नुसती मान हलवायची. पूर्ण दुपार ती त्या भिंतीला चिकटून उभी होती आणि भिंतीचा चुना माझ्या पाठीला लागत होता. का, ते मला ठाऊक होतं. टकळी खोलीच्या ज्या कोपऱ्यात जायची, तिकडे ही धडधड वळायची. पाठ तिच्यासाठी राखून ठेवली होती. अख्खी.

शेवटी टकळी आली. हातात निळं पेन, टोपण काढलेलं. समोर उभी राहिली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला वेळ लागला.

“जागाच नाही,” ती म्हणाली.

आता वळ, मी मनात ओरडलो. अगं, वळ! शर्टाला ओरडता येत नाही. आणि मालकीण, जिला सगळी उत्तरं यायची, तिचा हात जसा कधी वर गेला नाही तशी तिची पाठही भिंतीपासून सुटली नाही. टकळीनं टोपण लावलं आणि गेली.

त्यानंतर मी ट्रंकेत गेलो. आईनं मला धुवायला मागितलं तर मालकीण नको म्हणाली. पुढे मालकिणीचं लग्न झालं, ट्रंक तिच्याबरोबर गेली, माझ्यावर स्वेटर आले, स्वेटरांवर बाळाची दुपटी आली. ते बाळ आता स्वतः आठवीत आहे. मध्यंतरी त्या मुलीनंच मला खालून उपसून काढलं.

“आई, या सगळ्या तुझ्या मैत्रिणी होत्या?”

“वर्गातल्या होत्या,” मालकीण म्हणाली.

“मग मागे कुणीच कसं नाही लिहिलं?”

मालकिणीनं मला तिच्या हातातून घेतलं आणि माझी घडी घातली.

मला उपसण्याचं कारण होतं जुन्या वर्गाचा मेळावा. मोबाइलवर निरोप फिरला होता, ‘आपापले शर्ट घेऊन या!’ तर आम्ही गेलो. तोच वर्ग, तेच बाक. मॉनिटर हौसेनं पहिल्या बाकावर बसला आणि पोट अडकून तिथेच राहिला. दोघांनी ओढून काढला. मग त्यानं भाषण केलं.

“मित्रांनो, तेव्हा आपल्यात लहानमोठं काही नव्हतं. आपण एक कुटुंब होतो.”

सगळ्यांनी डोळे टिपले. एकीनं तर माझ्या बाहीलाच टिपले. पूर्वीची सवय, दुसरं काय. मग जो तो माझ्यावर आपली सही शोधू लागला. मालकिणीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. “माझं अक्षर बघ किती सुंदर होतं!” असं प्रत्येक जण म्हणाला. कुणाचंही नव्हतं.

टकळी उशिरा आली. केस पिकलेत, चाल जड झालीये, बोलणं तसंच. दारातून आत येईपर्यंत तिनं तिघांच्या तब्येतीची चौकशी केली आणि चौथ्याला तब्येतीवरून झापलं. मग मला टेबलावर पाहिलं आणि त्याला तिथेच सोडलं. तिनं मला उचललं, उलटं केलं.

“पाठ कोरी?”

“हो,” मालकीण म्हणाली. खिशामागे आता कुणी नव्हतं, तरी मला धडधड ऐकू आली. “तुझ्यासाठी ठेवली होती.”

“माझ्यासाठी? तू तर भिंतीला चिकटून उभी होतीस! मला वाटलं, मी जवळ आलेलीही चालत नाही हिला. घरी जाऊन दोन दिवस जेवले नाही मी. आईला विचार माझ्या!”

“दुसरं कुणी लिहील म्हणून चिकटले होते.”

“मग वळायचं ना, बाई!”

“सुचलं नाही.”

“सुचलं नाही म्हणे! सगळा पेपर सुचायचा, आणि वळायचं सुचलं नाही.” टकळीचा आवाज मध्येच फाटला. “मी एकीलाच सांगितलं होतं गं.”

“माहीत आहे. शपथ घालून.”

मग दोघी एकदम हसल्या. मॉनिटरनं वळून पाहिलं, आपल्या भाषणाला हसल्या असं समजून तोही हसला.

“पेन द्या कुणीतरी,” टकळी म्हणाली. मालकीण मुकाट्यानं वळली आणि मला पाठीवर धरून उभी राहिली. टकळी लिहीत बसली. खूप वेळ. थोडक्यात लिहिणं तिला कुठलं जमायला! शाई खाली ओघळली तर तिनं ती बोटानं पुसली आणि वर पुन्हा लिहिलं.

आता मी ट्रंकेत नाही, कपाटात हँगरवर आहे. पुढचं सगळं मला पाठ आहे आणि त्यातल्या एका शब्दावर माझा विश्वास नाही. मागचं मात्र मला दिसत नाही. मालकीण कधीतरी कपाट उघडते, मला फिरवते, वाचते, आणि एकटीच हसते. तिची मुलगीही वाचून गेली. मला कुणी वाचून दाखवत नाही.

तुम्ही कधी या घरी आलात, तर तेवढं मोठ्यानं वाचा. मी नावं ठेवणार नाही. आणि धुवायला टाकायचं कुणी म्हणालं, तर मध्ये पडा.