'ग्लीन'चं पान

तेरावा उरकल्यावर मैथिलीने बाबांची क्रियापदांची वही उघडली. माधवरावांनी मानवतला तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आता विद्यार्थी त्यांच्यावर स्मरणिका काढणार होते, आणि वहीतलं एक पान निवडून द्यायचं काम लेकीकडे आलं होतं. ज्यात बाबा पुरते दिसतील, असं पान तिला हवं होतं.

ते सापडलं. 'ग्लीन: काढणीनंतर रानात पडलेली कणसं वेचणे, आपला सरवा. इंग्रजीत फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, त्याआधी बहुधा गॉल लोकांकडून. गॉल हरले, त्यांची भाषा बुडाली. सांडलेल्या दाण्याचा शब्द मात्र जिंकणाऱ्यांनाही टाकवला नाही.' खाली उदाहरण: 'कडूबाईने आमच्या रानात सरवा वेचला.'

मैथिलीचे डोळे भरून आले. ती वही घेऊनच अंगणात गेली. या घरच्या रानात राबण्यात जन्म घालवलेली कडूबाई तिथे डाळ निवडत बसली होती.

"मावशी, बाबांनी तुमचं नाव लिहून ठेवलंय. सरवा वेचला म्हणून."

"कुठला सरवा?" कडूबाई हसली. "सर लय हुशार. काढणी झाली की त्याच सांजेला ढोरं सोडायचे रानात. एका साली मी आधीच वेचला, तर बांधावर पदर झाडून घेतला. म्हनले, सवय लागंल."

"मला कसं माहीत नाही?"

"आता गं बया! टोपलं तुमीच धरलं होतं की."

मैथिलीला टोपलं आठवेना. ते जास्त लागलं.

तिने पेन काढलं.

"काय लिवायलात ताई? गेल्या माणसाचं चांगलंच लिवावं."

बाबांच्या ओळीखाली तिने दुसरं उदाहरण लिहिलं: 'सरांनी कडूबाईच्या पदरातला सरवा काढून घेतला. टोपलं मैथिलीने धरलं.'

भाऊ विवेक वही बघून भडकला. "बापाची राख निवली नाही अजून, अन् तू उणीदुणी काढतेस?"

"उदाहरणाशिवाय शब्द कळत नाही, असं तेच म्हणायचे."

तिने पान पाठवलं.

महिन्याने स्मरणिका आली. पान होतं, उदाहरण एकच होतं. तिने संपादकाला, बाबांच्या लाडक्या सीतारामला, फोन लावला.

"ताई, जागाच पुरली नाही हो," तो म्हणाला.

बाबांच्या ओळीखाली अर्धं पान कोरं होतं.