भाऊजींची रेघ

मला भारी चौकशा, हे आमच्या युद्धनौकेवर सगळ्यांना पाठ. बिनतारी खोलीत कान देऊन बसायचं काम मला मानवलं ते म्हणूनच.

त्या दुपारी वादळानं आम्हाला नुसतं घुसळून काढलं होतं. तेवढ्यात मोर्सच्या टिंब-रेघांची क्षीण हाक आली: जहाज बुडालं, होडीत अकरा माणसं. जहाज भाऊजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं. तिथलं बिनतारी यंत्र तेच सांभाळायचे.

कप्तान म्हणाले, "शत्रू अशाच खोट्या हाका मारतो. वळायचं नाही."

"साहेब, हा हात भाऊजींचाच. प्रत्येक शब्दाची शेवटची रेघ लांब ओढतात ते. मलाही त्यांनीच शिकवलं, ताईच्या स्वयंपाकघरात ताटावर चमचा आपटून. त्या ओढण्यापायी मी परीक्षेत दोनदा आपटलो!"

"शत्रूला नक्कल येत नसेल?"

"त्यांची माणसं घोटून तयार केलेली असतात, साहेब. इतकं गचाळ पाठवायची त्यांची छाती नाही."

कप्तान क्षणभर हसले आणि नौका वळवली. आता आमच्या नौकेवरचे सत्तर जीव माझ्या शब्दावर होते. त्यात एक कोडं सुटेना: भाऊजींचा हात आज इतका संथ का?

तीन तासांनी होडी दिसली. जाळं सोडून एकेकाला वर ओढलं. मी मोजत होतो. अकराच्या अकरा आले. भाऊजी त्यांत नव्हते.

"यंत्र कोण चालवत होतं?" मी ओरडलो.

एक जाडजूड माणूस कुडकुडत पुढे झाला. "मी. आचारी आहे जहाजावरचा."

तो जिवंत आहे याचा मला राग आला, खरंच सांगतो. तरी माझं ब्लँकेट त्याच्या अंगावर टाकलं. "आणि ते, बिनतारी यंत्रावरचे?"

"खोलीत पाणी शिरलं तरी उठले नाहीत. आम्ही उतरेपर्यंत हाका पाठवत बसले." त्यानं नाक पुसलं. "रिकाम्या वेळात मला शिकवायचे. अगदी साफ शिकवलं. मेव्हण्याला आपली खोड लावली म्हणून पस्तावायचे. पण होडीचं यंत्र हातात देताना म्हणाले, शेवटची रेघ ओढ. साफ पाठवलंस तर कुणी यायचं नाही. ओढलीस तर माझा मेव्हणा येईल."